पैऱ्याला कर नाही, मग कूपनाला कसा?

लग्नपत्रिका कापून केलेली ती कूपनं अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. पुढच्या बाजूला महिला संघाचा जांभळा शिक्का आणि बॉलपेननं लिहिलेलं 'एक तास'. मागच्या बाजूला कुठं गणपतीची अर्धी सोंड, कुठं 'आमचे येथे श्रीकृपेकरून' मधलं नुसतं 'कृपेकरून'. बेळगावच्या पश्चिमेकडच्या एका गावातल्या स्वसाहाय्य संघाच्या चौघीजणी ती घेऊन आल्या होत्या. मी हिशेब लिहिण्याचं आणि रिटर्न भरण्याचं काम करतो, त्यामुळं असे प्रश्न माझ्याकडं येतात.

त्यांचा बेत साधा होता. संघातल्या एकीनं दुसरीचं तासभर काम केलं की तिला एक कूपन. पोरांची शिकवणी, पापड लाटायला हात, सासूबाईंना स्कूटीवरून दवाखान्यात नेणं, ब्लाऊज शिवून देणं, सगळं त्यात धरायचं. कूपन मिळालं की ते संघातल्या दुसऱ्या कुणालाही देऊन तिच्याकडून काम करून घ्यायचं. पुढं गावातला किराणा दुकानदारही कूपन घ्यायला तयार होता.

"दादा, यावर टॅक्स बसतो काय ओ?" त्यांच्यातल्या अक्कांनी विचारलं. आणि लगेच खालच्या आवाजात, "बँकेत तर काय दिसणार नाही की हे."

ही दोन वाक्यं एकापाठोपाठ का आली, हे मला ठाऊक होतं. 2025 च्या जुलैमध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयच्या उलाढालीवरून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या होत्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याला आलेल्या नोटिशीची बातमी राज्यभर गाजली. दुकानांवरचे क्यूआर कोड निघाले आणि 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. ताज्या भाजीवर जीएसटीच नाही, तरी माणसं घाबरली, कारण नोटिशीत नेमकं काय म्हटलंय हे सांगणारं जवळ कुणी नव्हतं. आपल्या भागात तर भीती दुप्पट. कागद येतो तो कन्नडात किंवा इंग्रजीत, आणि घरात वाचणारा एखादाच. म्हणून हा विषय मराठीत, सावकाश आणि पूर्ण मांडावा असं मला वाटलं.

आधी आपल्याच मातीतलं उदाहरण घेऊ. रोप लावणीच्या दिवसांत आज माझ्या शेतात तुमच्या घरचे चार हात, परवा तुमच्या शेतात माझ्या घरचे चार, हा पैरा आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय. पैरा हे एक चलनच आहे. त्यात नाणं नाही, पण उधारी आहे, फेड आहे आणि न फेडणाऱ्याची गावभर चर्चाही आहे. त्याआधीच्या बलुत्यातही हेच होतं. सुतार, लोहार, कुंभार वर्षभर काम करायचे आणि खळ्यावर मळणी झाली की धान्य उचलायचे. दर कामाला पैसा फिरत नव्हता.

पैऱ्यावर कधी कुणी कर मागितला नाही. यावरून लोक समजतात की पैसा हातात आला नाही तर कर नाही. ही समजूत चुकीची आहे आणि पुढची सगळी गफलत तिच्यातूनच होते. पैऱ्यावर कर नाही कारण पैऱ्यात धंदा नाही. तुम्ही शेजाऱ्याच्या शेतात रोपं लावता ती व्यवसाय म्हणून नव्हे, शेजारधर्म म्हणून. कायदा विचारतो की हे काम माणूस धंदा म्हणून करतोय काय. मोबदला रुपयात आला, ज्वारीत आला की लग्नपत्रिकेच्या तुकड्यात, हा प्रश्न त्याच्या लेखी फार मागचा आहे.

जीएसटी कायद्यात तर हे उघड लिहिलेलं आहे. 2017 च्या केंद्रीय जीएसटी कायद्याच्या सातव्या कलमात 'पुरवठा' कशाला म्हणायचं ते सांगितलंय. विक्रीच्या जोडीला तिथं वस्तुविनिमय आणि अदलाबदल हे शब्द स्वतंत्रपणे घातलेत. अट एवढीच की ते धंद्याच्या ओघात आणि मोबदल्यासाठी झालेलं असावं. आणि मोबदला म्हणजे काय? पैशात किंवा अन्य कशातही. आयकरातही धंद्यातून मिळालेला फायदा, मग तो पैशात बदलता येवो वा न येवो, उत्पन्नात धरायचा असं आहे. 1961 चा आयकर कायदा जाऊन 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, हे तत्त्व तेच राहिलं.

म्हणजे कर नाण्यावर बसत नाही, व्यवहारावर बसतो. मोजला जातो रुपयात आणि भरायचाही रुपयातच.

आता संघातल्या कामांकडं पुन्हा बघू. दवाखान्यात नेणारी आपली टॅक्सी चालवत नाही. शिकवणी घेणारी मुलगी क्लास चालवत नाही, शेजारच्या दोन पोरांना गणित सांगते. पापडाला हात लावणं तर सरळ पैराच. यात कर नाही आणि हिशेबाची धास्तीही नको. जगभरात कर खात्यांनी साधारण हीच रेघ ओढली आहे. कॅनडात 1983 मध्ये मायकेल लिंटन यांनी कोर्टने या गावात 'लेट्स' नावाची पद्धत सुरू केली, म्हणजे सभासदांनी एकमेकांची कामं करायची आणि जमा-नावे एका वहीत लिहायचं. तिथल्या कर खात्यानं त्याआधीच, 1982 मध्ये, वस्तुविनिमयाबद्दल सूचना काढली होती. अधूनमधून एकमेकांना केलेली मदत कराबाहेर. पण ज्याचा तोच धंदा आहे त्यानं अदलाबदलीत काम केलं, तर अनोळखी गिऱ्हाइकाला जो दर लावला असता तो उत्पन्नात धरायचा. 'अनोळखी गिऱ्हाइकाला जो दर' ही कसोटी मला फार आवडते, कारण ती कुणालाही समजते. अमेरिकेतही बिनव्यापारी पद्धतीनं सारख्या सेवांची अनौपचारिक देवाणघेवाण करणाऱ्या मंडळांना वस्तुविनिमय संस्थांच्या नियमांतून वगळलं आहे. थोडक्यात, पैरा तिकडच्या कायद्यालाही कळतो.

ब्लाऊज शिवणाऱ्या वहिनींचं मात्र वेगळं आहे. त्यांच्या ओसरीत मशीन आहे, बाहेर पाटी आहे, अस्तराच्या ब्लाऊजचे तीनशे रुपये ठरलेले आहेत. त्यांनी संघातल्या बाईला ब्लाऊज शिवून कूपनं घेतली तर ती धंद्याची कमाईच झाली. तीनशे रुपये जमा, मग हातात नोट असो की कूपन. अमेरिकेच्या आयकर खात्यानं 1979 मध्ये नेमक्या अशाच प्रकरणावर निर्णय दिला होता. एका वकिलानं रंगाऱ्याला कायद्याचा सल्ला दिला, रंगाऱ्यानं वकिलाचं घर रंगवलं, दोघंही एका विनिमय मंडळाचे सभासद. पैसा फिरलाच नाही. तरी दोघांनीही आपापल्याला मिळालेल्या सेवेची बाजारातली किंमत उत्पन्नात दाखवायची, असं ठरलं. 1982 मध्ये तर तिथं अशा व्यापारी विनिमय मंडळांवर सभासदांच्या व्यवहारांची माहिती सरकारला कळवण्याचं बंधनच आलं.

हे ऐकून वहिनी गप्प झाल्या. मग मी त्यांच्यासमोरच आकडे मांडले. त्यांचे वर्षाचे रोख धरू दोन लाख चाळीस हजार, कूपनांतून आलेले छत्तीस हजार. बेरीज दोन लाख शहात्तर हजार. सेवा देणाऱ्याला जीएसटी नोंदणी लागते ती वर्षाची उलाढाल 20 लाखांवर गेली तर. आयकराच्या नव्या पद्धतीत 2025-26 या वर्षासाठी 4 लाखांपर्यंत करच नाही, आणि सवलत धरली तर नेहमीच्या उत्पन्नावर 12 लाखांपर्यंत काही भरावं लागत नाही. म्हणजे कूपनं मोजूनही वहिनींचा कर शून्य. हिशेबात धरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गावातल्या दहांपैकी नऊ जणांच्या बाबतीत कूपन हिशेबात येईल आणि कर तरीही शून्यच राहील. हे आधी कळलं असतं तर खालच्या आवाजात विचारायची वेळच आली नसती.

खरी अडचण उंबरठ्याजवळ उभ्या असलेल्या दुकानदाराची. फक्त माल विकणाऱ्याला कर्नाटकात 40 लाखांची मर्यादा आहे. समजा एका हार्डवेअरवाल्याची रुपयातली विक्री 39 लाख 50 हजार आणि कूपनांवर दिलेला माल 80 हजारांचा. तो म्हणणार, मी चाळीसच्या आत आहे. कायद्याच्या हिशेबानं तो 40 लाख 30 हजारांवर आहे आणि नोंदणी त्याला लागू झाली. कूपनांची वही ठेवलीच नसेल तर हे त्याला कळायचंही नाही, कळेल ते थेट नोटिशीतून.

किराणा दुकानदारासाठी आणखी एक बारकी गोष्ट. छोट्या धंद्याला पूर्ण हिशेब न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांवर नफा धरून कर भरायची सोय आहे. बँकेतून किंवा यूपीआयनं आलेल्या विक्रीवर 6 टक्के, बाकीच्यावर 8 टक्के. कूपन बँकेतून येत नाही, म्हणून ते 8 टक्क्यांत मोडतं. 30 लाखांची विक्री असेल, त्यातली 25 लाख यूपीआय-बँकेतून आणि 5 लाख रोख-कूपनातून, तर नफा धरला जाईल दीड लाख अधिक चाळीस हजार, म्हणजे एक लाख नव्वद हजार. ज्या यूपीआयला लोक भ्यायले, त्याच यूपीआयवर नफा कमी धरला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

आता किंमत कशी धरायची? अदलाबदलीत दोघंही म्हणतात, आम्ही दराचं काही बोललोच नाही. याचं उत्तर घरोघरच्या अनुभवात आहे. मुलीच्या लग्नासाठी जुन्या पाटल्या मोड म्हणून घालून नवा हार केलेला नाही असं घर सापडणं कठीण. नवा हार मजुरीसकट 3 लाखांचा, मोड 2 लाखांची, वर रोख द्यायचे 1 लाख. बिल हातात आलं की सासरे विचारतात, लाखाच्या व्यवहारावर नऊ हजार जीएसटी कसा? सराफानं बरोबरच लावलेला असतो. 3 टक्के कर हाराच्या पूर्ण 3 लाखांवर आहे. मोड हा मोबदल्याचाच एक भाग, फक्त तो सोन्यात दिला. शिवाय आयकराच्या दृष्टीनं जुन्या पाटल्या देणं हेही हस्तांतरच आहे. पाटल्या कमी भावात घेतलेल्या असतील तर वाढलेल्या किमतीचा भांडवली नफा होतो. लोक हे विसरतात, कारण हातात पैसे आलेले नसतात, उलट गेलेले असतात.

जीएसटी नियमावलीतल्या सत्ताविसाव्या नियमात असंच एक उदाहरण मोबाइलचं दिलेलं आहे. जुना फोन देऊन नवा 20 हजारांना मिळतो, जुना न देता तोच 24 हजारांना. कर कशावर? 24 हजारांवर. खुल्या बाजारात जी किंमत, ती किंमत. त्यामुळं गावात कूपनाला बट्टा लागायला लागला, शंभराचं कूपन लोक नव्वदला धरायला लागले, तरी दुकानदारानं दिलेल्या मालाची बाजारातली किंमतच वहीत जायला हवी. संस्थानांच्या काळात वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालायचे आणि सराफ ते बट्टा कापून घ्यायचे. 1835 मध्ये कंपनी सरकारनं एकसारखा चांदीचा रुपया आणला तेव्हापासून ती कटकट हळूहळू सरली. कूपनं आली की बट्टाही परत येतो, आणि हिशेब लिहिणाऱ्यानं त्याकडं डोळेझाक करू नये.

किंमत कधी धरायची, हाही प्रश्न अक्कांनीच काढला. कूपन मिळालं तेव्हा की ते खर्चलं तेव्हा? मिळालं तेव्हा. काम झालं, मोबदला हाती आला, व्यवहार पुरा. कूपन तुम्ही चार महिने डब्यात ठेवलंत म्हणून कर चार महिने थांबत नाही.

आणि इथंच गावच्या चलनाचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. कर रुपयातच द्यावा लागतो. हेस्कॉमचं विजेचं बिल, घरपट्टी, जीएसटी, कुठंही कूपन चालत नाही. एखाद्यानं उत्साहाच्या भरात सगळा माल कूपनांवर दिला, तर महिन्याच्या वीस तारखेला रिटर्न भरायला त्याच्याकडं कूपनांनी भरलेला डबा असेल आणि रुपये नसतील. स्वित्झर्लंडमध्ये 1934 पासून 'विर' नावाचं व्यापाऱ्यांचं चलन आहे. मंदीच्या काळात झुरिक शहरात वेर्नर त्सिमरमन, पाउल एन्त्स आणि त्यांच्या सोबत्यांनी ते सुरू केलं. एक विर म्हणजे एक फ्रँक असं धरतात आणि तिथले व्यापारी बिलाचा काही भागच विरमध्ये घेतात, बाकी फ्रँकमध्ये. कारण कर फ्रँकमध्येच द्यायचा असतो. मी दुकानदाराला हेच सांगितलं की बिलाचा निम्म्याहून जास्त भाग कूपनात घेऊ नका.

ज्या गावानं कर स्वतःच्या चलनात घ्यायचं ठरवलं, तिथं काय झालं हे बघण्यासारखं आहे. ऑस्ट्रियातलं व्योर्गल. 1932 सालची मंदी, कारखाने बंद, पालिकेची तिजोरी रिकामी आणि लोकांकडं कराची थकबाकी. महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी पालिकेच्या स्वतःच्या नोटा काढल्या. त्यांची गंमत अशी की दर महिन्याला नोटेच्या एक टक्का किमतीचं तिकीट चिकटवलं तरच ती नोट पूर्ण किमतीला चालायची. त्यामुळं नोट कुणी घरात दाबून ठेवेना. कामगारांना मजुरी या नोटांत मिळाली, त्यांनी दुकानात खर्चल्या, आणि दुकानदारांनी पालिकेकडं कर म्हणून भरल्या. थकलेले कर आले, काहींनी तर पुढचेही आगाऊ भरले. रस्ते झाले, पूल झाला. दुकानदारानं ती नोट का घेतली? कारण पालिका ती करात परत घेईल याची त्याला खात्री होती. मग ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेनं हरकत घेतली आणि 1933 च्या सप्टेंबरमध्ये प्रयोग बंद पडला.

अलीकडचं उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टलचं. 2012 मध्ये तिथं ब्रिस्टल पाउंड सुरू झाला. नगर परिषदेनं आपला स्थानिक कर त्यात भरायची मुभा दिली आणि महापौर जॉर्ज फर्ग्युसन यांनी आपला पूर्ण पगार त्यात घेतला. तिथंही तो पाउंड कागदावर साध्या पाउंडाइतकाच मोजला जायचा, कराचा हिशेब वेगळा नव्हता.

हे वाचून आपल्या ग्रामपंचायतीनंही असं करावं असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण भारतात नोटा काढायचा हक्क एकट्या रिझर्व्ह बँकेला आहे. 1934 च्या रिझर्व्ह बँक कायद्यात आणखी एक बंधन आहे ते फार थोड्यांना माहीत असतं. मागताक्षणी धारकाला पैसे देण्याचं वचन असलेला कागद रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार सोडून कुणीही काढायचा नाही. खिशातली शंभराची नोट काढून बघा. त्यावर गव्हर्नरांचं तेच वचन आहे, आणि मागच्या बाजूला पंधरा भाषांच्या रकान्यात वरून चौथी ओळ कन्नड, आठवी मराठी. आपल्या सीमाभागाच्या दोन्ही भाषा एकाच रकान्यात, मध्ये कोकणीही. ते वचन द्यायचा अधिकार मात्र एकाच संस्थेला. तेव्हा कूपनावर 'धारकास शंभर रुपये देऊ' असं काही लिहायचं नाही. नोटेसारखं दिसेल असं छापायचंही नाही, तो वेगळा गुन्हा आहे.

अक्कांच्या कूपनावर 'एक तास' लिहिलं होतं, ते अगदी योग्य होतं. रुपयांचा उल्लेख नाही, रोखीत परत द्यायचं वचन नाही. मी फक्त एका गोष्टीला नको म्हटलं. त्यांच्यातल्या एकीची सूचना होती की ज्यांना काम करायला वेळ नाही त्यांनी रुपये भरून कूपनं विकत घ्यावीत. लोकांकडून आधी पैसे घ्यायचे आणि बदल्यात अनेक दुकानांत चालेल असं काहीतरी द्यायचं, हे 2007 च्या पेमेंट कायद्याच्या कक्षेत जातं आणि त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते. एखाद्या खानावळवाल्यानं फक्त आपल्याच खानावळीपुरतं कूपन काढलं तर त्याला ती लागत नाही. संघ आणि तीन दुकानं मिळून काढणार असतील तर गोष्ट बदलते.

अक्कांचा भाचा पुण्यात आयटीत आहे. तो फोनवर म्हणाला, कागद कशाला, ब्लॉकचेनवर, म्हणजे क्रिप्टो चालतं तसल्या डिजिटल वहीवर, टोकन करू. मी त्याला कळकळीनं सांगितलं की बाबा, हे करू नकोस. क्रिप्टोच्या पद्धतीनं तयार झालेलं टोकन म्हणजे कायद्यात 'आभासी डिजिटल मालमत्ता'. 2022-23 पासून त्याच्या हस्तांतरातल्या नफ्यावर सरळ 30 टक्के कर, खरेदीची किंमत सोडून दुसरा कुठलाही खर्च वजा नाही, तोटा दुसरीकडं वळता करता येत नाही. वर 1 जुलै 2022 पासून ठरावीक रकमेपुढच्या व्यवहारावर 1 टक्का टीडीएस. दुकानांचे रिवॉर्ड पॉइंट, गिफ्ट कार्ड, व्हाउचर यांना सरकारनं त्या व्याख्येतून बाहेर ठेवलंय, पण गावानं हौसेनं काढलेल्या टोकनाला ते संरक्षण मिळेलच असं कुणी सांगू शकणार नाही. शाईनं लिहिलेली वही इथं जास्त सुरक्षित आहे.

राहिली सीमा. हा भाग देशातल्या बाकीच्यांना फारसा नडत नाही, आपल्याला मात्र रोज नडतो. संघातल्या एकीचं माहेर शिनोळीकडचं, चंदगड तालुक्यातलं. बेळगावहून अर्ध्या तासाच्या वाटेवर, पण महाराष्ट्रात. तिची वहिनी काजूगर फोडून, भाजून विकते आणि तिलाही कूपनांत यायचं होतं. आपल्या दृष्टीनं दोन्ही गावं एकच, सोयरीक एक, जत्रा एक. जीएसटीच्या दृष्टीनं मात्र शिनोळीहून इकडं विकायला आलेला माल म्हणजे आंतरराज्य पुरवठा. राज्यातल्या राज्यात 40 लाखांपर्यंत नोंदणी नको. पण करपात्र माल दुसऱ्या राज्यात पुरवला तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. मोबदला कूपनात घेतला म्हणून यातून सुटका नाही, कारण वस्तुविनिमय हाही पुरवठाच.

सेवेचं तसं नाही. सेवा सीमेपलीकडं दिली तरी 20 लाखांची सूट राहते. तेव्हा शिनोळीच्या वहिनींनी इकडं येऊन कुणाला काजू भाजायला शिकवलं आणि कूपन घेतलं तर अडचण नाही. भाजलेला काजू पिशवीत भरून पाठवला तर आहे. स्वतःच्या शेतात पिकवलेला माल शेतकऱ्यानं विकला तर त्याला नोंदणीच नको, मग तो कुठल्याही राज्यात जाऊ दे. रताळी, भात, कच्च्या काजूबिया, ज्याच्या शेतातल्या त्यानंच दिल्या तर हरकत नाही. मात्र दुसऱ्याकडून घेऊन पुढं विकल्या की तो व्यापार झाला. 2017 च्या जुलैत विक्रीकराची नाकी उठली आणि कोगनोळीवरून गाडी सरळ जायला लागली, तेव्हा अनेकांना वाटलं की कराची सीमाही पुसली. ती रस्त्यावरून उठून बिलात गेली. 50 हजारांवरचा करपात्र माल गाडीत असेल तर ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा ऑनलाइन काढलेला कागद, लागतं, आणि तो विकलेला आहे की अदलाबदलीत दिलेला, यानं त्यात फरक पडत नाही.

एका ट्रॅक्टरवाल्या तात्यांचं उदाहरण सांगतो, कारण त्यात दोन करांचं तोंड दोन दिशांना आहे. ते कूपनांवर नांगरट करून द्यायला तयार होते. शेतीकामाला यंत्र भाड्यानं देणं जीएसटीतून माफ आहे, तिथं काही नाही. पण ट्रॅक्टरचं भाडं हे आयकराच्या लेखी शेतीचं उत्पन्न नव्हे. स्वतःच्या शेतातला भात विकून आलेला पैसा करमुक्त, दुसऱ्याच्या शेतात ट्रॅक्टर चालवून आलेला पैसा किंवा कूपन हे धंद्याचं उत्पन्न. तात्या म्हणाले, "आमी शेतकरीच की ओ, सगळं शेतीचंच." माणूस शेतकरी आहे म्हणून त्याची प्रत्येक कमाई शेतीची होत नाही, हे त्यांना पटवायला मला दोन चहा लागले.

शेवटी आम्ही दोन वह्या करायचं ठरवलं. एक निळी, शेजारधर्माची. त्यात फक्त तास, रुपयांचा रकानाच नाही. शिकवणी, दवाखाना, पापड, लावणीचे हात. दुसरी लाल, धंद्याची. त्यात ज्याचा जो व्यवसाय आहे त्याचंच काम, आणि तीन रकाने: काय दिलं, किती कूपनं, आणि त्या दिवशी अनोळखी गिऱ्हाइकाला लावला असता तो दर रुपयात. रुपये भरून कूपन विकायचं नाही. शिनोळीकडच्या वहिनींकडून शिकवणी घ्यायची, भाजलेला काजू नाही. दुकानदारानं बिलाचा निम्माच भाग कूपनात घ्यायचा.

अक्कांनी निळ्या वहीत एकदम सात नोंदी केल्या. लाल वही बराच वेळ कोरीच होती. मग ब्लाऊजवाल्या वहिनींनी पेन घेतलं आणि पहिल्या ओळीत लिहिलं: दोन ब्लाऊज अस्तरासह, चार कूपनं, रु. 600. लिहून झाल्यावर त्यांनी विचारलं की सही करायची काय. म्हटलं, करा.